टॉवेल भाईर

आमची गाडी चढ चढत नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. गाडी म्हणजे सहा चाकी ट्रक, जुना, दुसऱ्याच्या हातून घेतलेला. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, अर्धं आयुष्य लोकांच्या गाड्या चालवल्या आणि मग ही एक आपल्या नावावर केली. सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरच्या एमआयडीसीतून टॉवेल-चादरींच्या गाठी भरायच्या आणि हैदराबादला, हुबळीला नेऊन टाकायच्या, हा धंदा. पण भरली की ही गाडी साध्या पुलाच्या चढावर धापा टाकायची. मागं काळा धूर, पुढं पहिला गिअर. सायकलवर निघालेले कामगार शेजारून पुढं जायचे आणि जाता जाता वळून बघायचे. माल उशिरा पोचायला लागला तसे गोडाऊनवाले अण्णांना टाळायला लागले. कधी अर्ध्या भरतीवर फेरी, कधी चार-चार दिवस गाडी दारातच. आई कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवायची. तिच्या शिलाईवर घर आणि माझं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष चाललं होतं. जेवायला बसलं की विषय एकच, गाडी ओढत नाही.

त्या दिवसांत अण्णा गाडी घेऊन गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींच्या शेडवर गेले. सुट्टी होती म्हणून मीही केबिनमध्ये बसून गेले.

फाटकाशी एक माणूस उभा होता. ठेंगणा, रुंद पंजे, पांढरी मिशी, कपाळावर भस्माच्या पुसट रेघा. त्यांनी नमस्कार घेतला नाही, गाडीकडं बघितलं नाही. अण्णांच्या खांद्यावरचा टॉवेल दोन बोटांनी उचलला, फाटकाच्या खिळ्याला अडकवला आणि म्हणाले, "टॉवेल भाईर."

अण्णा म्हणाले, "का ओ मिस्त्री?"

"का न्हाय नि बी न्हाय. हितला नेम हाय. आता बोला, काय दुखतंय गाडीचं?"

फाटकाला एक नाही, ओळीनं बारा-तेरा खिळे होते आणि बहुतेकांवर टॉवेल लटकत होते. लाल, निळे, चौकड्यांचे, एक तर अगदी नवा, लेबलसकट. वाऱ्यानं ते सगळे एकदम हलायचे. मला हसू आलं. तुम्ही सोलापूरचे असाल तर तुम्हालाही येईल. ज्या गावात जन्मल्यावर बाळाला गुंडाळतात टॉवेलात आणि पाहुण्याचा मान करतात टॉवेलानं, त्या गावात हा एक माणूस टॉवेलला फाटकाच्या आत येऊ देत नव्हता.

ड्रायव्हर लोक त्यांची मनसोक्त चेष्टा करायचे. जाताना घाईत दुसऱ्याचाच टॉवेल उचलला जायचा. एकाच्या बायकोनं म्हणे परक्या टॉवेलावरून दोन दिवस बोलणं टाकलं होतं. तो माणूस शेडवर येऊन ओरडत होता, "मिस्त्री, तुमच्या नेमापायी माझा संसार मोडंल!" मिस्त्री वाकून पाना फिरवत राहिले.

दुसरा कुणी विचारायचा, "अंगोळ केल्यावर अंग कशानं पुसता ओ?"

"वाऱ्यानं."

स्वतःचे हात ते लाकडाच्या भुश्यात घोळायचे आणि जुन्या वर्तमानपत्रानं पुसायचे. त्यांच्या शेडमध्ये तुम्हाला चिंधीसुद्धा सापडली नसती.

मूळचे ते मंद्रूपकडचे, कर्नाटकाच्या सीमेजवळचे. मराठी बोलता बोलता कानडीत शिरायचे आणि आपण कधी शिरलो हे त्यांना कळायचं नाही. मला पहिल्या दिवसापासून "अव्वा" म्हणायचे, म्हणजे कानडीत आई, लेकीलाही मायेनं तसंच हाक मारतात. मी त्यांना मामा म्हणायची. बाकी सगळे मिस्त्री म्हणायचे, म्हणून मीही इथं तेच लिहिते. नाव लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं.

आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आली होती. शेड रस्त्याला लागून होती. एखाद्या गाडीनं जाताना जोरात रेस दिली, आवाज चढत गेला, की मिस्त्री जिथं असतील तिथं थांबायचे. वाक्य अर्धं, पाना हवेत. आवाज खाली येईपर्यंत तसेच. मग पुढचं काम सुरू. मला वाटलं, जुना मेकॅनिक आहे, आवाजावरून दुखणं ओळखत असेल.

त्या दिवशी त्यांनी अण्णांना खाली, पुढच्या चाकाच्या मागं बसायला लावलं. तिथं आमच्या गाडीचं हवा घ्यायचं तोंड होतं. त्यांनी आत बोटं घातली आणि राखी रंगाचा एक गोळा बाहेर काढला. कापसाची तूस, धूळ आणि तेल, सगळं एकात एक मळलेलं.

"हे बगा. कारखान्याच्या दारात उभी असती गाडी. उडालेली तूस हितनं खाती. रस्त्याची धूळ हितनं खाती. वर रेडिएटरची गरम वाफ. डिझेल समदी घालत्यात ओ, वारा कोण घालत न्हाय. ओढंल कशी?"

"मग काय करायचं?"

"तोंड वर न्यायचं. केबिनच्या वर. तितं गार वारा, साफ वारा. पाइप मोठा, वळणं कमी. फिल्टर हाय त्याच्या दीडपट. मग बगा."

"मग करा की मिस्त्री."

त्यांनी तो गोळा खाली टाकला. "वाऱ्याचं काम मी करत न्हाय. इंजिन करतो, गिअर करतो, ब्रेक करतो. वारा न्हाय."

कितीही विचारलं तरी तेच उत्तर. अण्णा चिडून परत आले. ज्याला दुखणं कळतं तो औषध देत नाही, ही कुठली तऱ्हा?

मग अण्णांनी ती चूक केली, जी आपल्याकडं निम्मे ड्रायव्हर करतात. स्टँडकडच्या एका दुकानदारानं सांगितलं, फिल्टर काढूनच टाका अण्णा, गाडी उडंल. आणि गाडी खरंच उडाली. महिनाभर आमच्या घरात सण होता. अण्णा येताना गाणं म्हणत यायचे. मग इंजिन तेल प्यायला लागलं. मग धूर निळा झाला. मग एका सकाळी गाडी उठलीच नाही.

दोरी बांधून ती पुन्हा मिस्त्रींच्याच शेडला न्यावी लागली. मिस्त्री रागावले नाहीत. इंजिन उघडलं, आतला लायनर, म्हणजे पिस्टन ज्या नळकांड्यात खालीवर होतो ते, माझ्या हातात दिलं. "अव्वा, आत बोट फिरव."

मी फिरवलं. आरशासारखं गुळगुळीत असायला हवं होतं. बोटाला उभ्या रेघा लागत होत्या.

"ह्या रेघा वाऱ्याच्या हायत. न गाळलेल्या वाऱ्याच्या. काचेसारखी धूळ आत गेली नि खरवडत बसली. कॉलेजात शिकवलं का हे?"

"अजून नाही, मामा."

"मग मी आदी शिकवलं. मास्तरला सांग."

इंजिन त्यांनी नव्यासारखं करून दिलं. फिल्टर परत जागेवर लावायला सांगितलं. पण तोंड खालीच राहिलं. "हे परत तूस खाणार. दोन वर्षं, अडीच वर्षं. मग परत हेच," असं त्यांनी स्वतःच सांगितलं आणि स्वतःच मान फिरवली.

आता जी गोष्ट सांगते तिची मला अजून लाज वाटते. पण चूक आम्ही प्रेमानं केली होती.

गाडी सुरू झाली त्या आनंदात आई म्हणाली, मिस्त्रींचा मान करायचा. आपल्याकडं मान म्हणजे टॉवेल-टोपी आणि नारळ. टॉवेल बाहेर ठेवायचा नेम आम्हाला माहीत होता. पण आम्हाला वाटलं, तो मळक्या टॉवेलांचा नेम आहे. ड्रायव्हरांचे घामट टॉवेल कुणालाही आत नको असतात. हा तर मानाचा टॉवेल, कोरा, पांढरा, आईनं स्वतः कड शिवलेला.

सोमवारी सकाळी आम्ही तिघं गेलो. मिस्त्रींनी अंघोळ करून भस्म लावलं होतं, खुशीत होते. अण्णांनी टोपी घातली. त्यांनी घालून घेतली. आईनं नारळ दिला. त्यांनी कपाळाला लावला. मग आईनं पिशवीतून घडी काढली, उलगडली आणि त्यांच्या खांद्यावर टाकायला हात उचलले.

मिस्त्री मागं सरकले. पुन्हा मागं सरकले. पाठीमागं जॅक पडला होता, त्याला अडखळून ते हत्यारांच्या पेटीवर बसलेच. हातातला नारळ घरंगळत गेला. चेहरा असा झाला होता की तसा पुन्हा कुणाचा बघायला लागू नये.

आई घाबरली. "आमचं काय चुकलं का दादा?"

त्यांनी डोक्यावरची टोपी सरळ केली. मग म्हणाले, "न्हाय, वहिनी. तुमचं न्हाय. बसा."

आम्ही टायरांवर बसलो. आईनं टॉवेल पदराआड घेतला. आणि मिस्त्रींनी आमच्या तोंडाकडं न बघता, शेडच्या टोकाच्या बाभळीखालच्या रिकाम्या जागेकडं बघत सांगितलं. एवढी गाड्यांची दाटी, पण त्या जागेत कधी गाडी लावलेली नसायची, हे मी तोवर बघितलं होतं आणि विचारलं नव्हतं.

त्यांचा एक मैतर होता. एकाच गावचे, एकाच वर्गात नापास झालेले. तो ड्रायव्हर झाला, हे मिस्त्री झाले. त्याच्या गाडीचा फिल्टर जुन्या तऱ्हेचा, तेलाचा. खाली एक वाटी असते, तिच्यात तेल भरतात, आत येणाऱ्या हवेतली धूळ त्या तेलात चिकटते. वाटीला एक खूण असते, तिच्या वर तेल भरायचं नाही.

"त्याला लांब जायाचं हुतं, कच्च्या रस्त्यानं. धूळ लई. मला वाटलं, थोडं जास्त घालावं. आपला माणूस हाय. खुणेच्या वर दोन बोटं घातलं. माया म्हणून घातलं, वहिनी."

गाडी सुरू केली आणि इंजिननं वाऱ्याबरोबर ते तेलही ओढून घेतलं. डिझेलच्या इंजिनला तेल म्हणजे डिझेलच. ते जळायला लागलं. आवाज चढला. मैतरानं गाडी बंद केली, बंद होईना. डिझेल तोडलं, तरी बंद होईना, कारण ते आता डिझेलवर चालतच नव्हतं. आवाज चढतच गेला. अशा वेळी एकच उपाय असतो, हवा बंद करायची.

"तो खाली उतरला. बॉनेट उघडं हुतं. मी दोन पावलावर हुतो, हातात पाना. माझ्या ध्यानात आलं, वारा बंद केला पायजे. म्या वरडलो, टॉवेल घाल! टॉवेल घाल रे त्याच्या तोंडात! त्यानं खांद्यावरचा काढला, गोळा केला, वाकला..."

इंजिननं टॉवेल आत ओढला आणि तरी ते चालतच राहिलं. मग पंख्याचं पातं तुटलं.

"दवाखान्यात न्यायची येळच आली न्हाय. वरडलो मी हुतो. तेल घालणाराबी मीच, वरडणाराबी मीच. त्याची बायको मला एक शब्द बोलली न्हाय. अजून बोलत न्हाय. सणाला पोळ्या पाठवती."

आई म्हणाली, "दादा, माझ्या हातात असता तर मीबी तोच घातला असता. आपल्या गावात हाताशी दुसरं काय असतंय?"

"व्हय," मिस्त्री म्हणाले. "पर वरडलो मी."

आम्ही टॉवेल घेऊन परत आलो. टोपी त्यांनी ठेवून घेतली.

तेव्हापासून एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली. मिस्त्रींनी वाऱ्याचं काम केलं नाही तर आमची गाडी दोन वर्षांत पुन्हा बसणार होती, आणि पुन्हा इंजिन उघडायची आमच्या घरात ताकद नव्हती. माझं कॉलेजही त्या इंजिनवरच चाललं होतं. दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावं तर तो पाइपाचे सांधे उघडे ठेवणार आणि धूळ परत आत जाणार. त्यामुळं मिस्त्रींचं भय हा आता आमच्याही घरचा प्रश्न होता. हे असं स्पष्ट लिहिताना मी चांगली दिसत नाही, पण खरं तेच आहे.

तिसऱ्या वर्षाला इंजिनची प्रयोगशाळा होती. मी सरांना विचारलं, पळत सुटलेलं इंजिन लांबून कसं बंद करायचं? सर म्हणाले, हवेच्या पाइपात झडप बसवतात. ज्या ठिकाणी गॅस किंवा तेलाची वाफ हवेत असते तिथल्या गाड्यांना असते. मी त्यांना तिथंच चित्र काढायला लावलं. घरी येऊन ते चित्र मी आमच्या गाडीच्या मापानं पुन्हा काढलं आणि शेडवर गेले.

मिस्त्रींनी कागद उलटा धरला, मग सुलटा.

"हे काय?"

"झडप, मामा. इंजिनच्या तोंडाजवळ, शेवटच्या पाइपात. लोखंडी चकती, कडेला रबर. तारेनं ओढली की आडवी होते. हवा बंद."

"कोण वडतंय?"

"ड्रायव्हर."

"खाली उतरून?"

"सीटवरून. तार केबिनमध्ये न्यायची."

"जवळ जायाचं कामच न्हाय?"

"नाही."

"कुणाचंच न्हाय?"

"कुणाचंच नाही, मामा."

त्यांनी कागदाच्या चार घड्या केल्या, खिशात घातला आणि एका बोलेरोच्या ब्रेककडं वळले. मी घरी आले. चौथ्या दिवशी अण्णांना निरोप आला, गाडी घेऊन ये, वाऱ्याचं काम करू.

ते काम मी बघितलं आहे, म्हणून सांगते. मोडीत निघालेल्या एका मोठ्या गाडीचा फिल्टरचा ड्रम त्यांनी आणला. आत कागदी फिल्टर, एकात एक दोन. केबिनच्या मागून पाइप वर नेला, वर छत्रीसारखं टोपण, पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून. प्रत्येक वळण हातानं चाचपून बघितलं, आत वेल्डिंगचा एक मणीसुद्धा राहू दिला नाही. "वारा अडखळला की ताकद गेली," म्हणायचे. मग इंजिन सुरू करून पेटती उदबत्ती हातात घेतली आणि सांध्या-सांध्याजवळून हळू फिरवली. जिथं धूर आत वाकेल तिथं चीर. तीन ठिकाणी वाकला. तिन्ही सांधे पुन्हा खोलले.

झडपेची चकती त्यांनी घासून घासून तयार केली. तिच्या कडेला ट्यूबचं रबर. तार ड्रायव्हरच्या उजव्या हाताला, टोकाला लाल मूठ.

सगळं झाल्यावर ते अण्णांना म्हणाले, "गाडी तितं लाव."

तितं म्हणजे बाभळीखाली. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. गाडी त्या जागेत उभी राहिली. मिस्त्री तिच्यापासून दोन पावलांवर जाऊन उभे राहिले. बॉनेट उघडं. दुपारची बाराची वेळ, ऊन डोक्यावर, फाटकावरचे टॉवेल हलत होते.

"रेस दे. आणखी दे. आता वड!"

अण्णांनी मूठ ओढली आणि मिस्त्री मोजायला लागले, कानडीत, मोठ्यानं. ओंदु. एरडु. मूरु. नाल्कु. इंजिन घुसमटलं, खोकलं, सातला बंद झालं.

"परत खोला."

"अहो, बंद झाली की," अण्णा म्हणाले.

"सातला झाली. सातला माणूस खाली उतरतो. सातला कोन तरी वरडतो. परत खोला."

दुसऱ्यांदा सहा. रबर बदललं, जाड घेतलं. तिसऱ्यांदा त्यांनी ओंदु म्हटलं, एरडु म्हटलं, मूरु म्हटलं, आणि नाल्कु म्हणायला तोंड उघडलं तेव्हा शेड शांत झाली होती. इतकी शांत की बाभळीच्या शेंगा वाजत होत्या.

"साकु," ते म्हणाले. म्हणजे पुरे. आणि तिथंच, त्या जागेत, मातीवर बसले.

दुसऱ्या दिवशी गाठी भरून गाडी पुलाचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढली. मागं आरशात अण्णांना धूर दिसेना, म्हणून त्यांनी गाडी थांबवून, उतरून बघितलं. गोडाऊनवाल्यांचे फोन पुन्हा यायला लागले.

मग इतर ड्रायव्हर आले. वरचं तोंड पाहिजे, मोठा फिल्टर पाहिजे, सगळ्यांना गाडी उडवायची होती. मिस्त्रींचं म्हणणं एकच, झडप न्हाय तर वारा न्हाय. लोक कुरकुरायचे. जन्मात एकदा तरी ओढणार आहोत का ती मूठ? एकानं तिला लिंबू-मिरची बांधली. मिस्त्रींनी ती स्वतः सोडून फेकून दिली. "वडताना हातात लिंबू आलं तर काय करशील, सरबत?"

झडपेनं मिस्त्रींचं मन मोकळं झालं, असं मी लिहिणार नाही. झालं नाही. टॉवेल बाहेरच राहिले. त्या एका दिवसानंतर बाभळीखाली पुन्हा गाडी लागली नाही. मी पास झाले तेव्हा पेढे घेऊन गेले. आमच्या घरात डिग्रीचा कागद पहिला माझ्या नावाचा आला, हे मी जिथं जाते तिथं सांगते, इथंही सांगते. तो कागद त्यांनी भुश्यात हात घोळून, दोनदा पुसून, मग धरला. तेवढ्यात रस्त्यावर एका बसनं रेस दिली. ते थांबले. पेढा तोंडात तसाच. आवाज खाली आला तरी या वेळी ते हलले नाहीत.

"मामा, गेली बस."

"बस गेली ग. अव्वा, तुला सांगतो. त्या दिवशीचा आवाज वर गेला तो खाली आलाच न्हाय. इंजिन बंद पडलेलं मला ऐकूच आलं न्हाय. माझ्या कानात ते अजून वरच हाय."

मी पेढ्यांचा पुडा त्यांच्याजवळ ठेवला आणि निघाले.

मी एका सर्व्हिस सेंटरला लागले. आम्ही जुळे सोलापूरला, शहराच्या नव्या वस्तीत, राहायला आलो. मिस्त्रींचे गुडघे गेले तसे ते शेड देऊन गावी निघून गेले. शेडच्या जागी आता फरशीचं दुकान आहे. अण्णा मात्र तीच गाडी चालवत राहिले.

गेल्या उन्हाळ्यात, भर दुपारी, एमआयडीसीत एका कारखान्याच्या दारात गाडी भरत होती. इंजिन चालूच होतं. मागं, बाजूला मिळून सहा-सात हमाल. टर्बोचं, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचं, सील गेलं आणि इंजिन स्वतःचंच तेल प्यायला लागलं. आवाज चढला. अण्णांनी चावी फिरवली, काही होईना. हमाल ओरडायला लागले. एक जण पुढं धावला, त्याच्या हातात पोतं होतं. अण्णा खिडकीतून किंचाळले, "लांब! कोन जवळ येऊ नका!" आणि मूठ ओढली.

इंजिन बंद झालं. अण्णा खाली उतरले आणि रस्त्यावरच बसले. हमालांनी पाणी आणलं. कुणाला खरचटलंही नव्हतं.

मी मिस्त्रींना फोन लावला. सुनेनं त्यांच्या कानाला धरला. मी सगळं सांगितलं. 

"जवळ कोन गेलं?"

"कुणी नाही, मामा. अण्णांनी जाऊच दिलं नाही."



"किती मोजलं?"

"अण्णा म्हणतात, दहा."

"धा?" आवाज एकदम शेडमधला झाला. "धा लई झालं. रबर वाळलंय. टर्बो बदलतानाच रबर बदल. जाड घे. आणि उदबत्ती फिरव, समदे सांधे बघ. ऐकलं का?"

"ऐकलं, मामा."

"आजच."

त्या दिवशी झालं नाही. टर्बो यायला दिवस गेले, मला रजा नव्हती, दुसऱ्या मेकॅनिकनं बाकीचं काम केलं आणि झडपेला हात लावला नाही, त्याला ती काय आहे हेच कळलं नाही. राहून गेलं. मग एका सकाळी सुनेचा फोन आला. मी आणि अण्णा मंद्रूपच्या पुढं त्यांच्या गावी गेलो. माती देऊन झाली होती. दारात बायका बसल्या होत्या. एक म्हातारी जरा बाजूला, एकटी बसली होती. सून हळूच म्हणाली, "ह्या त्यांच्या मैतराच्या घरच्या." मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी विचारलं, "तू झडपवाली का?" मी हो म्हटलं. त्यांनी माझा हात आपल्या मांडीवर घेतला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मिस्त्रींशी जे कधी बोलल्या नाहीत ते त्या माझ्याशीही बोलल्या नाहीत.

त्या रविवारी मी रजेची वाट बघत बसले नाही. घरासमोर बॉनेट उघडलं, शेवटचा पाइप खोलला, चकती बाहेर काढली. रबर खरंच वाळलं होतं, नखानं निघत होतं. जाड रबर कापून बसवलं. उदबत्ती फिरवली. एका सांध्याला धूर वाकला, तो पुन्हा आवळला. मग अण्णांना सीटवर बसवलं आणि मी दोन पावलांवर उभी राहिले. रेस द्यायला लावली. आवाज चढत गेला, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तो ऐकत उभं राहणं किती अवघड असतं.

"ओढा," मी म्हटलं आणि मोजायला लागले. मला कानडी येत नाही, तेवढे चार आकडे येतात.

मामा, रबर बदललं. आता आमची गाडी चारच्या आत बंद होते.